पायाला चिकटलेल्या चपला

आमच्या गावात पारापुढून जायचं म्हणलं की बाईनं चपला हातात घ्यायच्या. हे कुठं लिहिलेलं न्हाई, कुणी सांगत बी न्हाई. सासू काढती म्हणून सून काढती. घनसावंगीच्या जीपमधून उतरायचं, डोक्यावर पिशवी, एका हातात लेकरू, दुसऱ्या हातात चपला. पार सरला की गिरणीपाशी पुन्हा घालायच्या. वर लिंबाच्या सावलीला बद्रीनाथभाऊ अन् त्यांची मंडळी बसलेली, त्यांचा तो मान. वैशाखात तिथली जमीन अशी तापती की म्या एकदा त्या फुफाट्यात पापड भाजून खाल्लाय. खोटं वाटत असंल तर वाटू द्या.

दोन सालामागं माझ्या शेजारच्या सुरेखाच्या तळव्याला फोड आले. पोटुशी होती, पटपट चालता येईना. फोड आले तरी दुसऱ्या दिवशी चपला हातातच. माझं डोकं सणकलं. पण भांडायचं वय हाये का माझं? म्या आपली चपला घालून निघाले, अगदी सावकाश.

बद्रीनाथभाऊ म्हणले, "उषाबाई, चपला पायातच राह्यल्या की."

"राह्यल्या न्हाईत भाऊ, चिकटल्या," म्या म्हणलं. "घनसावंगीत डांबरी रोड करून राह्यलेत ना, तिथं उभी होते जीपची वाट बघत. डांबर पातळ झालं, चपलीतून वर आलं अन् तळवा धरला. डॉक्टर म्हणला, आजी, ओढली तर कातडी बी संगट येईल. आता घालूनच न्हाते, घालूनच झोपते."

"मंग देवळात कशा जाता?" बाजूचा एकजण म्हणला.

"बाहेरूनच हाक मारते. देवाला ऐकू येतं, तुमच्यासारखं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सुरेखाच्या चपला चिकटल्या. मंग शिवकन्याच्या. तिनं नव्या जालन्यातून उंच टाचाची सँडल आणल्ती अन् गावाला दावायला जागाच न्हाई म्हणून ती आली. एकीला सासूला चिडवायचं होतं. एकीला वाटलं, समद्या चालल्यात तर आपणच का मागं राहावं. झुंबरबाईनं तर जन्मात चपला घातल्या नव्हत्या, तिनं ह्याच्यासाठी मुद्दाम इकत घेतल्या अन् चिकटवून घेतल्या. कुणाच्या मनात काय होतं ते इचारू नका, दर बाईचं निराळं होतं. पण साथ आली गावात. पारावरची माणसं दुरूनच पाय बघायची अन् तोंड फिरवायची. हसताही येईना, रागावताही येईना. डांबराला कोण रागावणार?

हे असंच हसण्यावारी गेलं असतं. पण दैवशाला होती ना.

दैवशाला म्हणजे बद्रीनाथभाऊच्या धाकट्या भावाची बायको. पारावरचा मुख्य माणूस तिचा सख्खा मोठा दीर. ती एक दिवस पारापुढं आली, थांबली, अन् समद्यांदेखत वाकून उजव्या पायातली चपल काढली. पुन्हा घातली. मंग डावी काढली, ती बी घातली.

"दादा," ती म्हणली, "माझी चिकटलेली न्हाई. सहज निघती. मी घालून जाऊन राह्यले."

म्या गिरणीपाशी उभी होते. देवाशपथ सांगते, गिरणीचा पट्टा फिरायचा थांबला. बरं, ते राहू द्या, पट्टा फिरत होता. पण बाकी समदं घडलं तस्संच घडलं. माझी थाप त्या बाईनं खरी करून दावली. त्या दिवसापासून कुणाच्याच चपला चिकटलेल्या नव्हत्या. नुसत्या घातलेल्या होत्या.

तिला त्याचं मोल काय कमी पडलं? नवरा राधेश्याम तिच्या हातचं जेवेना, भावाच्या घरी जाऊन जेवायचा. माहेरून निरोप आला की गप राहा. ती माझ्या ओट्यावर येऊन रडायची. म्हणायची, "काकू, तुम्ही हायेत म्हणून म्या उभी हाये." म्या तिला भाकर वाढायची अन् एखादी थाप सांगायची, तवा हसायची. शेवटी राधेश्याम जेवायला लागला, पारावरचे बी गप झाले. सासवा घालायला लागल्या, सुना घालायला लागल्या. कुणी बोलेना.

आता माझ्या नातीचं सांगते. माझी लेक तारा नव्या जालन्यात राहती, तिची पोरगी गंधाली. शिकलेली, बँकेत नोकरीला. दैवशालाचा पोरगा भागवत तिथंच बियाण्याच्या कंपनीत. दोघांची पसंती झाली, पण गंधाली पुढं पाऊल टाकीना.

"आजी, मुलगा चांगला आहे," ती म्हणली. "पण सणावाराला, सुट्टीला गावातच राहायचं. तिथं डोक्यावर पदर, हातात चपला. मला नाही जमणार."

"अग, तुझी सासू कोण हाये माहीत हाये का?" म्हणून म्या तिला समदं सांगितलं. डांबराचं सांगितलं, दैवशाला वाकली ते सांगितलं. "दुसरं कुठलं बी घर असतं तर म्या न्हाई म्हणलं असतं. ह्या घरात तुला बिलकुल कुणी चपला काढायला लावणार न्हाई. माझा शब्द."

गंधालीनं माझ्याकडं पाह्यलं. लहानपणापासून तिला माझ्या थापांची सवय. "हे तरी खरं ना?"

"हे एकच खरं," म्या म्हणलं.

पोरगी हो म्हणली.

मधल्या काळात दैवशाला सरपंच झाली. बाईची जागा सुटल्ती, अन् पारावरचीच मंडळी तिच्या दारात गेली, की तुमच्यासारखी बाई पाह्यजे. बिनविरोध. बद्रीनाथभाऊनं सोता फॉर्म भरायला नेलं. मला आनंदच झाला. म्या समजले, पार नमला.

लग्न जालन्याला लागलं. चार वाजता वरात गावात आली. वेशीपाशी नवरानवरी उतरली, आता पायी मारुतीला जायचं, वाजंत्री पुढं. मारुतीच्या वाटंवर पार. पारावर समदे फेटे बांधून बसलेले. म्या जालन्याहून म्होरं येऊन वेशीतच उभी होते नातीची वाट बघत, सुरेखा अन् शिवकन्या बाजूला. आम्ही बी तिच्या संगट निघालो.

पार जवळ आला तशी दैवशाला सुनेच्या कानाला लागली. बारीक आवाजात, गोड.

"चपला हातात घे बाई. पार आलाय."

मला वाटलं चेष्टा. "दैवशाले, काय बोलून राह्यली?"

"काकू, तुम्ही मधी पडू नका. आजचा दिवस हाये. दादानं मला बिनविरोध केलं. त्यांच्यापुढून माझी सून चपला वाजवत गेली तर लोक म्हणतील, सरपंचाच्या घरात वळण न्हाई."

"अन् तू गेलती तवा?"

"तवा मी सून होते," ती म्हणली. तोंडावर काहीच न्हाई, रडून मोकळं झाल्यावर असतं तसं.

म्या सुरेखाकडं वळले. "सांग ग हिला. हिच्या सासूनं चपल काढून घातल्ती का न्हाई? तू होती ना तिथं?"

सुरेखानं पदर सारखा केला. शिवकन्या म्हणली, "जाऊ द्या ना काकू. लग्नाच्या दिवशी जुनं कशाला?"

भागवत फोनवर कुणाला तरी रस्ता सांगून राह्यला होता. वाजंत्रीवाले थांबून मागं बघत होते.

गंधाली माझ्याजवळ आली. मुंडावळ्या बाजूला सारल्या, अन् हसली ती. रागावली असती तर बरं झालं असतं.

"आजी, ही पण थापच होती ना तुझी?"

म्या तोंड उघडलं. खरी हाये म्हणलं असतं तर तिनं सासूच्या तोंडाकडं निराळ्या नजरेनं पाह्यलं असतं, अन् उद्या सकाळी त्याच तोंडापुढं तिला चहा ठेवायचा होता. तिथं माझ्या बाजूनं बोलणारं कुणी न्हाई.

"हाव माय," म्या म्हणलं. "थापच."

"मला वाटलंच होतं. तू सांगतेसच इतकं खऱ्यासारखं," ती म्हणली. माझा गाल धरला, वाकली, सँडलचे पट्टे सोडले अन् सँडल एका हातात घेतली. सुरेखानं बी काढल्या, तिला कुणी म्हणलं नव्हतं.

वाजंत्री सुरू झाली. गंधाली पारापुढून अनवाणी चालली, नजर खाली. तिच्या बाजूनं दैवशाला, पायात सोनेरी सँडल, टाच वाजवत. पारावरून बद्रीनाथभाऊ उठून उभे राह्यले अन् हात जोडून म्हणले, "या सरपंचबाई."