एका थेंबातला मासा

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. पण माझ्यावर तांदूळ ठेवाल तर मला काहीच कळणार नाही. डोळ्यांना न दिसणारे कण मी तोलतो. लोक मला मास स्पेक्ट्रोमीटर म्हणतात. दुमाई बंदराजवळच्या प्रयोगशाळेत माझी सोळा वर्षे गेली. डिझेलमध्ये पामतेलाचे बायोडिझेल किती मिसळले आहे, नको ते काही घुसले आहे का, हे मी सांगतो. थेंबाची वाफ होते, केसासारख्या नळीतून एकेक घटक माझ्यापर्यंत येतो आणि मी त्याचे तुकडे करून ते तोलतो. एवढ्याशा थेंबात केवढा पसारा! मी अजूनही थक्क होतो.

नवी यंत्रे आली, तेव्हा मला कोपऱ्यात सरकवले. माझ्यातली हवा उपसणारा पंप धापा टाकतो. इथे नमुने तपासणाऱ्या देलिमाताईंनी मात्र मला सोडले नाही.

एकदा शाहरुल नावाचा कोळी पाण्याच्या जुन्या बाटलीत डिझेल घेऊन आला. त्याची होडी मोठ्या जहाजांच्या वाटेतच बंद पडली होती.

"रोसनिदाकाकी डिझेलात तळणाचं तेल घालते! शुक्रवारच्या कोळ्यांच्या बैठकीत तिचा डिझेलपंप काढूनच घेतो."

काकी मागोमाग आल्याच. नवरा गेल्यापासून त्या पंपावरच त्यांचे घर चालत होते.

"मेल्या, मी मासे तळते ते खायला. तुझ्या इंजिनाला घालायला नाही!"

मी थेंब तोलला. अणूंच्या मापात एका कणाचे वजन भरले तीनशे शहाऐंशी. ते कोलेस्टेरॉल होते, प्राण्यांच्या आणि माशांच्या चरबीत सापडणारे. झाडांच्या तेलात ते जवळजवळ नसतेच. म्हणजे या डिझेलात मासा तळलेले तेल होते! समुद्रात पोहलेला एक मासा माझ्यापाशी खूण ठेवून गेला होता. मला स्वतःचा केवढा अभिमान वाटला! काकी मात्र म्हणाल्या, "शप्पथ, मी काही घातलं नाही!"

देलिमाताईंनी बाटली हुंगली. "ही कुठली रे?"

"घरचीच. बायकोनं साबणानं धुतलीय की."

"आधी काय होतं हिच्यात?"

शाहरुलने डोके खाजवले. "मासे तळून उरलेलं तेल... ती गाळून ठेवते ना, दुसऱ्या दिवशीच्या मिरचीच्या ठेच्याला."

"अरे, मग हा मासा तुझ्याच घरचा!"

ताई कोरी काचेची बाटली घेऊन स्वतः पंपावर गेल्या. त्या थेंबात बायोडिझेल नियमाप्रमाणे बरोबर चाळीस टक्के निघाले, माशाचा मागमूसही नाही. मग ताईंनी होडी तपासली, तेव्हा उलगडा झाला: शाहरुलच्या टाकीत वर्षानुवर्षे साचलेला गाळ बायोडिझेलने सुटा केला होता, आणि तोच गाळणीत अडकून इंजिन बंद पडले होते.

शुक्रवारी तो ती काळीकुट्ट गाळणी हातात धरून सगळ्यांसमोर उभा राहिला, असे ताई सांगत होत्या. काकी एवढेच म्हणाल्या, "टाकी घासून ये, मग भरून देते."

मित्रांनो, मी खोटे बोललो नव्हतो. समोर आले तेच तोलले. तरीही माझ्या खऱ्या बोलण्याने एका बाईचे घर बुडाले असते. मला पुसा, जपा, माझा पंप दुरुस्त करा. पण त्याआधी, माझ्याकडे याल तेव्हा बाटली कोरी आणा.