लंकामावशीचं फडकं

"एकशे चाळीस," मी म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "सात नंबर. एकशे चाळीस."

हर्षल सर माझ्या मागून वाकले आणि मीटरचा आकडा त्यांनी स्वतः वाचला. काल हाच तुकडा पंचवीसवर होता. शंभरच्या वर गेला की नापास. सकाळची मोजणी संपली तेव्हा ओव्हनमधल्या सत्तर तुकड्यांपैकी एकोणीस नापास झाले होते.

ही गोष्ट शहाण्णव सालच्या मार्चमधली. सातपूरला आमच्या कारखान्यात ट्रान्झिस्टर बनायचे. सिलिकॉनच्या पातळ चकत्या भट्टीत घालून, त्यांच्यावर थर चढवून त्यांचे बारीक तुकडे करायचे. त्या चकत्यांना वेफर म्हणतात. माझ्या सासूबाईंना पहिली दोन वर्षं वाटायचं की मी बटाट्याच्या वेफर्सच्या कंपनीत आहे, आणि सणासुदीलाही एक पुडा घरी आणत नाही म्हणजे भलतीच चिकट आहे. माझं काम मोजणीचं. तयार तुकडे दीडशे डिग्रीच्या ओव्हनमध्ये विजेच्या दाबाखाली सात दिवस ठेवायचे आणि त्यांतून किती वीज गळते ते रोज सकाळी दहाला मोजून लिहायचं.

जानेवारीपासून लागोपाठ तिसरा लॉट हातचा जात होता. नवीन जातीचा ट्रान्झिस्टर, बंगलोरचं गिऱ्हाईक, आणि मोठ्या साहेबांची झोप उडालेली. आधीच्या लॉटमधले काही तुकडे तपासायला मुंबईला पाठवले होते. त्यांचा रिपोर्ट त्याच दिवशी आला आणि साडेबाराला आम्हा सगळ्यांना कँटीनमध्ये जमवलं.

हर्षल सर तेव्हा सत्तावीस वर्षांचे असतील. हुशार इंजिनिअर, पण वरच्यांसमोर आवाज बसायचा.

"वेफरवरच्या थरात सोडियम सापडलंय," ते म्हणाले. "सोडियम म्हणजे मिठात असतं ते. सोड्यातही असतं. डोळ्यांना दिसणार नाही इतकंसं पुरतं. थंड असेपर्यंत गप्प बसतं. गरम झालं आणि दाब आला की थरात सरकायला लागतं, मग गळती सुरू."

"आणि सोडा कुठे वापरतात आपल्याकडे?" मोठ्या साहेबांनी विचारलं. त्यांना उत्तर नको होतं, ते ठरवून आले होते. "मंगळू, उभा राहा."

मंगळू आमच्या पाण्याच्या प्लँटवर होता. सुरगाण्याकडचा माणूस, चाळिशीचा. भातकापणी झाली की जीपमध्ये बसून नाशिकला मजुरीला यायचा, तो एका वर्षी परत गेलाच नाही. धुळीचा कणही चालत नाही अशा आमच्या क्लीन रूमला लागतं तसं शुद्ध पाणी तो काढायचा. पाण्यातले क्षार ओढून घेणारी टाकी दर आठवड्याला कॉस्टिक सोड्यानं ताजी करावी लागते, मग तो सोडा तासन्‌तास धुऊन काढावा लागतो. मंगळू कंत्राटी होता. त्याला कायम करायचा कागद महिनाभर साहेबांच्या टेबलावर पडून होता.

"किती वेळ धुतोस टाकी?"

"तीन तास, सायेब. पाण्याचा मीटर अठरा दाखवंपर्यंत. कधी कमी नाय केलं."

"मीटरचा आकडा वहीत कोण लिहितं?"

"मीच लिहितो."

"झालं तर मग. शेतातलं पाणी समजून सोडलंस. तीन लॉट खाल्लेस तू."

मंगळूनं पाण्याची वही बरोबर आणली होती. ती त्याला उघडायचीही संधी मिळाली नाही. त्यानं ती दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती.

सोडा हा शब्द ऐकला तेव्हाच मला एक फडकं आठवलं होतं. माझ्या समोरच्या बाकावर लंकामावशी बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहिलं.

लंकामावशी म्हणजे लंकाबाई विधाते. मखमलाबादची, फुलांचे मळे असलेल्या माळ्याच्या घरातली, वय बावन्न. बारा वर्षं ती क्लीन रूममध्ये बोटी धुवायची. वेफर ज्यात उभे करून भट्टीत सारतात त्या क्वार्ट्झच्या काचेच्या चौकटींना आम्ही बोट म्हणतो. ॲसिडमधून काढायची, शुद्ध पाण्यात चार वेळा खंगाळायची, सुकवायची. बाहेरचे पाहुणे आले की साहेब त्यांना काचेतून मावशी दाखवायचे. थंडीत तिचे हात फुटून रक्त यायचं, पण हाताला तेलाचं बोट लावायची नाही, का तर वेफरला लागेल. आम्ही चिडवायचो की मावशी एक दिवस देवाला अंघोळ घालायच्या आधी त्यालाही ॲसिडमध्ये बुडवणार.

जानेवारीत बोटी सुकवायची वायूची नळी बिघडली. पुसायची खास कापडं परदेशातून यायची, ती बंदरात अडकली. बोटींवर पाण्याचे डाग राहायला लागले आणि हर्षल सर मावशीवर चिडले. दुसऱ्या दिवशी मावशीनं घरून एक फडकं आणलं. आईच्या लुगड्याचं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं.

"मावशी, हे चालतं का?" मी विचारलं होतं.

"अगं, सोड्यात उकळून आठ पाण्यातून काढलंय. तान्ह्या लेकराला टिपलं तरी चालंल."

डाग गेले. सर खूश झाले. डाग कशानं गेले ते त्यांनी विचारलं नाही. मला माहीत होतं, पण त्याहून स्वच्छ काही असेल असं माझ्याही मनात आलं नाही. आमच्या आयांनी शिकवलेली स्वच्छता तीच.

तर मी ताटाकडे बघत बसले. मनात म्हटलं, मंगळूला कुठेही काम मिळेल, मावशीला या वयात कोण विचारणार. असला हिशेब मी त्या दोन मिनिटांत केला आणि त्याची लाज मला आजही वाटते.

"उद्यापासून येऊ नकोस," साहेब म्हणाले.

"सायेब," मावशी उभी राहिली. "पाण्याचा दोष नाय. फडकं माझं हाय."

तिनं सगळं सांगितलं, उकळलेल्या सोड्यासकट.

साहेबांनी तिला, हर्षल सरांना आणि वहीसाठी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं आणि आवाज एकदम मऊ केला.

"लंकाबाई, तुम्ही हे बोललाच नाहीत असं धरू. गिऱ्हाईकाला मी काय सांगू? क्लीन रूममध्ये जुन्या लुगड्यानं पुसतात? पाण्याचा माणूस बदलला, हे सांगता येतं."

"पण पाणी चांगलं हाय."

"कशावरून? हर्षल, तू सांग. पाणी नसेल कशावरून?"

हर्षल सर घसा खाकरून म्हणाले, "दोन्ही शक्य आहे."

"मंग करून बघा ना," मावशी म्हणाली. "आमच्यात शेवंतीवर नवीन औषध मारलं का दोन वाफे तसंच सोडत्यात. मंग कळतं, औषधानं जगलं का आपोआप. मंगळूनंच पाणी काढायचं, मीच बोटी धुयाच्या. निम्म्या फडक्यानं पुसायच्या, निम्म्या वाळू द्यायच्या. डाग पडले तर पडू द्या. दोन लॉट करा. ही पोरगी मोजंल."

हर्षल सर साहेबांना म्हणाले, "हे मला आधी सुचायला हवं होतं, सर."

त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा आवाज बसला नाही.

साहेबांनी कबूल केलं, पण अट घालून. पाणी काढून झालं की मंगळू गेटबाहेर. आणि दोन्ही लॉट पास झाले तर त्याचा अर्थ एकच, की डोळ्यांत तेल घालून काढलं तर पाणी चांगलं निघतं, म्हणजे आधी काढलेलं नव्हतं.

म्हणजे मंगळू वाचायचा तर मावशीच्या फडक्याचा लॉट, आणि तेवढाच, नापास व्हायला हवा होता.

लॉट तयार व्हायला तीन आठवडे लागले. ओव्हनमध्ये गेले तेव्हा एकावर ए होता, एकावर बी, पस्तीस-पस्तीस तुकडे. कोणता फडक्याचा, ते फक्त मावशी आणि हर्षल सरांना ठाऊक. सरांनी ते लिहून पाकिटात बंद केलं होतं, म्हणजे मोजताना माझा हात कुठे झुकायला नको. माझा हात झुकला असता. सरांनी ते ओळखलं होतं बहुतेक.

पहिला दिवस. सगळे वीस-बाविसाच्या आसपास.

दुसरा दिवस, तसंच. मंगळू रोज सकाळी दहाला गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर येऊन बसायचा. मधल्या दिवसांत तो अंबडला एका बांधकामावर विटा वाहायला जात होता, तिथे उशिरा जायचा पण आकडा कळल्याशिवाय हलायचा नाही.

तिसऱ्या दिवशी मावशी माझ्या टेबलाशी आली. "चढला का?"

"नाही."

"एक बी नाय?"

"नाही मावशी."

चौथ्या दिवशी साहेब स्वतः वही बघून गेले. जाताना म्हणाले, "काळजी घेतली की होतं सगळं." मावशी दाराशीच उभी होती. तिला ऐकू गेलं. बारा वर्षं जिनं एक डाग पडू दिला नाही ती बाई त्या दिवशी मला हळूच म्हणाली, "उज्ज्वला, माझ्या हाताला यश येऊ नये, असं म्हण गं देवाला." मी म्हटलं. दुसरं काय करणार होते?

पाचव्या दिवशी बीमधले चार तुकडे तिसावर गेले. मी तीनदा मोजले. तीस म्हणजे काहीच नव्हे, ओव्हन जरा इकडेतिकडे झाला तरी तेवढं होतं. मी कुणाला बोलले नाही. पण मावशी माझं तोंड वाचत होती. काही न विचारता परत गेली.

सहाव्या दिवशी त्यांतले तीन साठावर होते. आणखी आठ चाळिसावर. एचे सगळे बाविसावर ठाम. मी प्रत्येक तुकडा पुन्हा मोजला, मगच आकडा वहीत उतरवला.

सातव्या दिवशी नऊलाच सगळे जमले होते. साहेबही. दहा वाजले तशी मी एपासून सुरुवात केली. एकवीस, बावीस, बावीस, वीस. पस्तीसच्या पस्तीस पास. मग बी. पहिला एकशे दहा. दुसरा दोनशे चार. तिसरा नव्वद. चौथा मीटरच्या बाहेर. मी आकडे मोठ्यानं म्हणत गेले आणि मावशी माझ्या शेजारी उभी राहून प्रत्येक आकड्याला मान हलवत गेली. पस्तिसांतले एकोणतीस नापास.

हर्षल सरांनी पाकीट फोडलं. "बी. फडक्याचा."

मावशी तिथेच खाली फरशीवर बसली. "सुटला गं गरीब," म्हणाली. मग थोड्या वेळानं, "आईचं होतं ते लुगडं." तेवढं म्हणताना मात्र तिचा आवाज गेला. मी तिच्या शेजारी बसले. मलाही रडू आलं आणि ते लपवावंसं वाटलं नाही.

टपरीवर निरोप मीच घेऊन गेले. मंगळूनं ऐकलं, चहाचा पेला खाली ठेवला आणि विचारलं, "बाईचं काय?"

बाईचं असं झालं की तिला पॅकिंगला टाकलं. तिथे खोकी, चिकटपट्टी, पंखा. क्लीन रूमचे पांढरे कपडे तिनं परत केले. मोठे साहेब वाईट वागले असं म्हणवत नाही. त्यांनी तिला काढलं नाही, आणि मंगळूच्या कागदावर पुढच्या महिन्यात सही केली. पण क्लीन रूममध्ये तिला परत घेतलं नाही.

त्याच आठवड्यात मला दोषाची नोंद लिहायची होती. आमच्याकडे त्याची जाड वही होती. दोष, कारण, उपाय, असे रकाने. साहेबांनी कारण सांगून ठेवलं होतं, प्रक्रियेतील त्रुटी. मी तसं लिहीत होते तेवढ्यात मावशी आली. नोंदीवर तिची सही लागणार होती.

"काय लिहिलं?"

मी वाचून दाखवलं.

"म्हंजी कोणाची?"

"कोणाचीच नाही मावशी. असंच लिहितात."

"कोणाचीच नाय लिहिलं का मंग पुढं कोणाची बी होती. दोन वर्सांनी कोणी वही उघडंल अन म्हणंल, पाण्यावाला होता ना एक. माझं नाव घाल."

"साहेबांनी..."

"सायेबाला मी सांगते. घाल तू."

मी लिहिलं. सोड्यात धुतलेल्या कापडानं बोटी पुसल्यामुळे. पुसणाऱ्या कामगाराचं नाव, लंकाबाई मल्हारी विधाते.

"वाच."

वाचलं.

तिनं वहीतल्या ओळीवर बोट ठेवलं. तिला सहीपुरतं लिहिता यायचं, वाचता येत नव्हतं. "मल्हारी कशाला घातलं?" तिनं विचारलं. मल्हारी तिचा नवरा. तो जाऊन तेरा वर्षं झाली होती, त्याच्यामागेच ती कारखान्यात आली.

"पूर्ण नाव लिहायची पद्धत आहे मावशी."

"त्याचा काय दोष यात? खोड ते."

मी मधल्या नावावर एक रेघ मारली. वहीत खाडाखोड झाली की शेजारी सही लागते, हे मी तिला सांगितलं. तिनं पेन घेतलं आणि वाकून, एक एक अक्षर उभं करत, आधी त्या रेघेशेजारी सही केली. मग खाली, दोषाच्या रकान्यात.