तिसऱ्या अंकातले हमाल

दुपारच्या प्रयोगाचा तिसरा अंक रंगात आला असताना खाकी कपड्यांतले दोन हमाल रंगमंचावर आले आणि त्यांनी भिंतीवरचं घड्याळ उतरवलं.

विंगेत स्टुलावर बसलेल्या प्रॉम्प्टरने संहितेचं पान उलटलं. मग पुढचंही. हमाल कुठेच नव्हते. मंडळीत तिला सगळे कुजबूजमावशी म्हणत. दुसऱ्यांची विसरलेली वाक्यं कुजबुजण्यातच तिचे केस पिकले होते.

मंचाच्या मधोमध मखमली खुर्चीत मोठ्या बाई बसल्या होत्या. घर सोडून निघालेल्या विधवेचं काम होतं. खुर्ची, आरसा, चांदीची भांडी, सगळं त्यांच्या स्वतःच्या घरचं. खोट्या सामानात आपल्याला अभिनय सुचत नाही, असं त्या म्हणायच्या.

प्रेक्षकांना वाटलं, हे नाटकातलंच. मोठ्या बाईंना वाटलं, मंडळीच्या मालकांनी न विचारता काहीतरी घुसडलंय. नाटकातला कुठलाही बदल आधी मावशीच्या पानावर यायचा; त्यामुळे हे चोर आहेत, हे तिला एकटीला कळलं.

तिने एक हाक मारली असती तर पडदा पडला असता. तिने तोंड उघडलंही. पण तेवढ्यात तिला तो पोशाख आठवला. ती आणि मोठ्या बाई, दोघी तेव्हा विशीतल्या होत्या. नायिकेचं काम मावशीचं ठरलं होतं, पोशाख अंगाला लावून झाला होता. नव्या कापडाचा तो करकरीत वास अजून तिच्या नाकात होता. आणि ही बया मालकांना गोड आवाजात म्हणाली होती, "पोर गुणी आहे हो, पण आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही." दुसऱ्या दिवशी पोशाख बाईंच्या मापाचा झाला आणि मावशीच्या वाट्याला विंगेतलं स्टूल आलं.

मावशीने तोंड मिटलं.

आरसा गेला, भांडी गेली. चोर खुर्चीपाशी येऊन अडले. बाई काही हलेनात. थोरल्या चोराने भांबावून विंगेकडे पाहिलं. वाक्य विसरलेल्या नटाची ती नजर मावशीच्या चांगली ओळखीची होती.

"बाई, उठा," ती कुजबुजली. "घर गेलं, आता खुर्ची कशाला अडवताय?"

चोराने वाक्य चोख म्हटलं.

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. मोठ्या बाई थरथरत उठल्या. इतकं छान थरथरणं त्यांना आजवर साधलं नव्हतं. खुर्ची निघाली तेव्हा मंचावरच्या नोकरानेच अदबीने दार धरलं.

मावशीला स्वतःचीच कीव आली. इतकी वर्षं सूड उगवला म्हणजे काय, तर बाईंना वाक्य अंमळ उशिरा सांगितलं. आणि ही माणसं भर उजेडात, तिकीट काढून बसलेल्या लोकांसमोर बिऱ्हाड उचलून नेतात! हाव धरावी तर अशी ऐसपैस.

"चेहरे पाहिलेत का?" पोलिसाने नंतर विचारलं.

"माझं लक्ष पानावर असतं, साहेब."

दोन दिवसांनी मालक हात चोळत रंगपटात आले. लोक तिकीट खिडकीवर हमालांचा प्रवेश आहे ना, असं विचारत होते.

"प्रवेश ठेवायचा," ते म्हणाले. "खुर्ची साधी आणू. पण हमाल कोण करेल?"

"मी," मावशी म्हणाली.

"अहो मावशी, तुम्ही?"

"हमालीण करा. उचलायला दुसरा कुणी द्या. वाक्य मी म्हणते."

"ठरलं," म्हणत मालक हसत हसत खुर्ची बघायला गेले. मोठ्या बाई तोंडावरचा रंग पुसत होत्या.

"त्या मेल्याला वाक्य कुणी दिलं, ते मी ऐकलं होतं," त्या म्हणाल्या.

"मग पोलिसांना का नाही सांगितलंस?"

बाईंनी कापसाचा बोळा बराच वेळ एकाच गालावर फिरवला.

"तसल्या टाळ्या मला कधी मिळाल्या नव्हत्या गं." मग मान वर करून त्यांनी विचारलं, "म्हणजे आता रोज तू मला खुर्चीवरून उठवणार?"

"रविवारी दोनदा," मावशी म्हणाली.