बारा मीटरवरचा थांबा

खुर्चीची चारही चाकं पट्ट्यांनी आवळून झाल्यावर तिने पाळण्याचं दार लावलं आणि कडी दोनदा ओढून पाहिली. क्रेनच्या आकड्याला टांगलेला तो लोखंडी पाळणा जमिनीपासून वीतभरच वर होता, तरी हलत होता.

"अगं, मी काय पळून जाणार आहे?" खुर्चीतली आत्या म्हणाली. "एवढं तर लग्नातसुद्धा कुणी बांधून ठेवलं नव्हतं मला."

पाळण्यात तिघं होती. आत्या, तिची आर्किटेक्ट भाची आणि जंगलाचे साहेब. इथे, जंगलाच्या कडेच्या उतारावर एक निरीक्षण मनोरा उभा राहायचा होता आणि त्याची उंची दीड वर्ष ठरत नव्हती. भाचीने बारा मीटरचा, लाकडाचा मनोरा काढला होता. झाडांच्या मधून वळणं घेत जाणारी इतक्या बेताच्या चढाची वाट, की खुर्ची कुणी न ढकलता वर जावी. साहेबांना तीस मीटर हवे होते, कारण शेजारच्या जंगलातला मनोरा सत्तावीसचा होता. तीस म्हटलं की लिफ्ट आली, लिफ्टला वीज आली, विजेचे खांब आले आणि खांबांसाठी झाडं गेली. हे तिने तीन बैठकांत मांडलं. साहेबांनी दरवेळी शांतपणे ऐकून घेतलं आणि दरवेळी फाईल परत केली. शेवटी तीच म्हणाली, आपण वर जाऊनच बघू, आणि खुर्चीत बसलेल्याला काय दिसतं तेही बघू.

खुर्चीतलं माणूस शोधायला लांब जावं लागलं नाही. तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर असलेली आत्या सहा वर्षांपूर्वीच्या अपघातानंतर खुर्चीत होती, आणि बाहेर पडायचं म्हटलं की सगळ्यांच्या आधी दारात तयार.

"घ्या वर," भाची वॉकीटॉकीत म्हणाली.

पाळणा उचलला गेला. उद्घाटनाला कोण कोण येणार, हे साहेब सांगत होते. पाच-सहा मीटरवर पाहुण्यांची यादी संपली. आठ मीटरवर त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"धूळ जाते डोळ्यांत," ते म्हणाले.

वाऱ्यात धूळ नव्हती. भाची टेपने मापं घेत होती, तिचं लक्ष नव्हतं.

बाराला क्रेन थांबली. पानं हाताशी आली होती. भाची खाली वाकली आणि आत्याच्या डोळ्यांच्या रेषेतून बाहेर पाहू लागली.

"तुझ्या कठड्याची ही वरची दांडी बरोबर माझ्या नाकासमोर येते," आत्या म्हणाली. "सगळं जंगल मधोमध कापलंय."

भाचीने वहीत लिहून घेतलं आणि क्रेनवाल्याला आणखी वर घ्यायला सांगितलं. झाडांचा आडोसा सुटला तसा वारा लागला आणि पाळणा एका कुशीवर झुलला. साहेबांनी दोन्ही हातांनी कठडा धरला होता. बोटांची पेरं पांढरी पडली होती. आत्या झाडांकडे बघत नव्हती.

"थांबव गं," ती एकदम म्हणाली. "मला गरगरतंय. खाली घ्यायला सांग."

"आत्या? काय होतंय?"

"म्हातारपण, दुसरं काय. साहेब, माफ करा हं, तुमचा खोळंबा. जरा माझा हात धरता का?"

साहेबांनी लगेच हात पुढे केला. तो गार आणि ओला होता. आत्याने तो मुठीत घट्ट धरला आणि पाळणा पुन्हा बाराला येईपर्यंत सोडला नाही.

"इथं बरं वाटतंय," ती म्हणाली. "थोडं थांबू या इथेच. तुम्हीही बसा ना, साहेब. माझ्या उंचीवरून बघा."

साहेब पाळण्यात खाली बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी खिशातून चष्मा काढला. हातभर अंतरावरच्या फांदीवरून मुंग्यांची रांग चालली होती. पलीकडे एक हिरवा पक्षी ढोलीत डोकं घालून काहीतरी भरवत होता.

"याचा आवाज सव्वीस वर्षं ऐकतोय," साहेब हळू आवाजात म्हणाले. "पाठ आज पहिल्यांदा बघितली."

मग ते एकेका पक्ष्याचं नाव सांगत राहिले. अर्धा तास कुणालाच घाई नव्हती.

खाली उतरल्यावर त्यांनी जीपच्या बॉनेटवर फाईल उघडली.

"मावशींसारख्या माणसांचा विचार व्हायलाच हवा," लिहिता लिहिता ते म्हणाले. "वर नेऊन लोकांना त्रास व्हायचा असेल, तर काय करायची उंची? बारा ठेवा."

जीप वळणाआड गेली. भाचीने सही पुन्हा एकदा पाहिली. मग ती पाळण्यात शिरली आणि खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसून पट्टीच्या बकलाला हात घातला.

"पाणी देऊ? अजून गरगरतंय?"

"मला? घाटात उभ्याने तिकिटं फाडलीत मी, तीही गाडी पळत असताना."

भाचीचा हात बकलावरच राहिला.

"मग मघाशी?"

"गाडीत उलटीची पिशवी आता कुणाला लागणार, हे चेहऱ्यावरून कळतं गं. फक्त ती सगळ्यांसमोर पुढे करायची नसते." आत्याने वर आकाशाकडे पाहिलं. "क्रेन किती वाजेपर्यंत आहे?"

"एकपर्यंत."

"मग पट्ट्या सोडू नकोस."

पाळणा बाराला न थांबता वर गेला. तीसवर वारा मोठा होता. जंगल खाली गोधडीसारखं पसरलं होतं. त्याच्या पलीकडे नदी, नदीपलीकडे गावं, आणि दोन डोंगरांमधून निघून पार आभाळापर्यंत गेलेला रस्ता. त्यावरून काडेपेटीएवढी एक बस चालली होती. आत्या पुढे वाकून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. तिचे विस्कटलेले केस तोंडावर येत होते, तिने ते मागे सारले नाहीत.

"हे नसणार ना मनोऱ्यावरून?" तिने विचारलं.

"नाही."

"बरं."

वॉकीटॉकीत खरखर झाली. खाली घेऊ का, क्रेनवाला विचारत होता.

भाचीने घड्याळ बघितलं. एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

"नको," ती म्हणाली. "आमची मापं घ्यायची राहिली आहेत."

आणि वही बंद करून ती आत्याशेजारी उभी राहिली.