शाकाहारी गळ

सेलूच्या मोंढ्यात ईश्वरअप्पांचं सरकी-पेंडीचं दुकान होतं, घरात रोज लिंगपूजा होती, आणि लसणाहून उग्र वस्तू त्यांच्या स्वयंपाकघराला ठाऊक नव्हती. असा माणूस पन्नाशी उलटल्यावर मासे धरायला लागला, तेव्हा गावानं तोंडात बोटं घातली. त्यांच्या बायकोनं, नीलम्मानं, घातली नाहीत. तिचा संसार जुना होता. नवल वाटायचं वय मागंच सरलं होतं.

झालं असं, की अप्पांच्या पुतण्याची बँकेतली बदली रत्नागिरीकडं झाली. अप्पा त्याला भेटायला गेले ते एक लांब काठी आणि रीळ घेऊनच परतले. तिथं किनाऱ्यावर कुणी निवृत्त साहेब भेटला होता. तो मासा गळाला लावायचा, डोळे भरून बघायचा आणि परत समुद्रात सोडायचा.

"खायचा न्हाई, मारायचा न्हाई," अप्पांनी घरात समजावलं. "धरायचा अन् सोडून द्यायचा. शौक असतो त्यो."

"मग धरायचा कशाला?" नीलम्मानं विचारलं.

"सोडायला."

एवढं तयार उत्तर ज्याच्याकडं असतं, त्याच्यापुढं देवसुद्धा हात टेकतो. फक्त ती काठी तिनं घरात येऊ दिली नाही. गोठ्याच्या आढ्याला ती टांगली गेली.

मग दर फाल्गुनात, मोंढ्यातली गर्दी ओसरली की, अप्पा समुद्राकडं निघायचे. गळाला गांडूळ किंवा कोळंबी लावणं म्हणजे हत्या; म्हणून ते कणकेची गोळी लावत. कणीक अर्थातच नीलम्मा मळून देई. आजवर तिनं माणसं जेवू घातली, गुरं जेवू घातली. आता मुलखापलीकडच्या माशांचीही पंगत तिच्याच नशिबी आली होती.

परत आले की मंदिराच्या ओट्यावर अप्पांचं कीर्तन चाले. "असा हातात धरला त्याला. माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणलं, जा बाबा, तुझं आयुष्य तुला." जाऊबाई गंगम्मा पदरानं डोळे पुसायची. कापडदुकानवाले माणिकराव तेवढे म्हणायचे, "गळ्यात लिंग अन् हातात गळ. अप्पा, लय अवघड साधना हाय बघा."

चौथ्या वर्षी मात्र गावात बोलवा उठली, की अप्पा सोडतात कसले, तिकडंच तळून खातात. नीलम्मानं आयुष्यात पुष्कळ ऐकून घेतलं होतं, पण हे बोलणं थेट तिच्या चुलीला लागलं. "औंदा मी येते," ती म्हणाली. विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदात एसट्या उभ्या राहिल्या, म्हणून निघायला आठवडाभर उशीर झाला. तेवढ्यानं तिचा इरादा बदलेल ही अप्पांची आशा फुकट गेली.

रेल्वे, मग एसटी, मग आणखी एक एसटी, आणि पुढं समुद्र. "एवढं पाणी," नीलम्मा म्हणाली, "अन् घोटभर पिण्याजोगं न्हाई." सेलूच्या बाईला ही उधळपट्टी पटण्यासारखी नव्हती.

अप्पांनी धोतर खोचलं आणि खडकावरून गळ फेकला. लाट आली, कणीक गेली. दुसरी गोळी लावली, दुसरी लाट घेऊन गेली. दुपारपर्यंत कणकेचा डबा रिकामा. दुसऱ्या दिवशीही तेच. समुद्राचं पोट तेवढं भरलं.

"अहो, आजवर किती सोडले?" संध्याकाळी तिनं विचारलं.

"मोजले न्हाईत."

"एक तरी?"

अप्पा चांगलं चालणारं रीळ दुरुस्त करायला लागले.

नीलम्माला आधी हसू आलं. मग राग आला. मग, का कोण जाणे, दोन्ही ओसरलं. तीन वर्षं हा माणूस एवढ्या लांब येऊन उन्हात उभा राहत होता, रिकाम्या हातानं परतत होता आणि गावाला भरल्या हातांची गोष्ट सांगत होता. तिनं उद्याची कणीक मळायला घेतली.

तिसऱ्या दिवशी सावली बघून तिनं त्यांना खाडीच्या तोंडाशी नेलं. तिथं पाणी संथ होतं. घटकाभरानं दोरी ताणली, काठी वाकली. अप्पांनी आधी रीळ उलटं फिरवलं, मग सुलटं, आणि उलथन्याएवढा एक चंदेरी मासा ओल्या वाळूवर येऊन तडफडायला लागला.

अप्पा चांगलेच मागं सरकले. एक हात गळ्यातल्या लिंगावर गेला.

"अगं, ह्याला हात कसा लावायचा?"

"मला काय इचारता? तीन सालं तुमीच सोडायलात न्हवं?"

"सोडतो की. जरा शांत होऊ दे त्याला."

"शांत झाल्यावर सोडून काय उपयोग?"

अप्पा जागचे हलेनात. मासा तोंड उघडत होता, मिटत होता. नीलम्मानं पदर खोचला, हात ओले केले आणि तो उचलला. थंडगार, बुळबुळीत, सगळं अंग म्हणजे एकच धडपड. अडलेल्या गाईचं वासरू तिनं ओढून काढलं होतं, नातवंडांच्या पायातले काटे काढले होते. तसाच तिनं गळ फिरवून सोडवला, पाण्यात वाकली आणि मूठ उघडली. मासा क्षणभर तळहातावरच थांबला. मग नव्हता. ती हात पाण्यात ठेवून तशीच राहिली.

"बघितलं?" मागून अप्पा म्हणाले. "सोडला का न्हाई?"

सेलूला येईपर्यंत तो मासा हातभर झाला होता. ओट्यावर अप्पांनी गळ हळूच कसा काढला, मूठ कशी उघडली, सगळं सांगितलं. माणिकराव नीलम्माकडं वळले. "वैनी, तुमी तर सोबत व्हता. खरंच सोडला का?"

अप्पांनी बायकोकडं बघितलं. तसं त्यांनी लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं.

"सोडला. माझ्या डोळ्यांदेखत," नीलम्मा म्हणाली. कुणी सोडला, हे कुणी विचारलं नाही. गावातली बोलवा तिथंच मिटली.

पुढल्या फाल्गुनात अप्पांचे गुडघे दुखायला लागले. शौक आता पुरे झाला म्हणाले.

"तुमी बसा दुकानावर," नीलम्मा म्हणाली. "मी अन् गंगम्मा जाऊन येतो."

"तुमी दोघी तिथं जाऊन काय करणार?"

"बसू जरा पाण्यापाशी."

स्टेशनवर अप्पा त्यांना पोचवायला आले आणि काठी कशी धरायची ते गाडी हलेपर्यंत सांगत राहिले. दोघींनी मान डोलावली. गाडी सुटल्यावर गंगम्मानं हळूच विचारलं, "अगं, त्यो चावत तर न्हाई?"

"न्हाई," नीलम्मा म्हणाली. "आपल्याहून जास्ती त्योच भ्यालेला असतो."