शिवेवाडीचा पळता धोंडा

शिवेवाडीत आता वर्षातून एकदाच चूल पेटते, हनुमान जयंतीला. एरवी बालाघाटाच्या त्या माथ्यावर पडक्या भिंती, घाणेरी, मारुतीराया आणि माकडं. माकडांनी म्हणे तिथं ग्रामपंचायत काढलीय आणि ती आपल्यापेक्षा बरी चालते.

यंदाही आश्रुबा काठी टेकत घाट चढून आला. सत्तरी उलटलेला माणूस, धापा टाकत पारावर बसला, तोच भंडाऱ्याची सगळी धावपळ करणाऱ्या भारतनं त्याच्या हातात नारळ ठेवला. नारळाचा मान खरा पाटलाच्या घरचा. पण अर्जुनराव पाटील तिकडं लिंबाखाली एकटेच बसले होते. गाव उठल्यापासून त्यांना ना नारळ, ना पंगतीला शेजार.

नारळ हातात आला की आश्रुबाला दरसाल घाम फुटायचा. का फुटायचा ते कळायला त्या गावाची कुळकथा ऐकावी लागेल.

गाव ऐन शिवेवर. उगवतीला निजामाची मोगलाई, मावळतीला इंग्रजी मुलूख, मध्ये एक धोंडा. निजामाचा गिरदावर वसुलीला निघाला की गावकरी बैल जुंपायचे आणि धोंडा ओढत नेऊन गावाच्या उगवतीला रोवायचे. गिरदावर येऊन बघतो तर गाव इंग्रजांचं! इंग्रजांचा माणूस आला की धोंडा मावळतीला. दोन्हीकडं त्याच्या मापाचे खड्डे तयारच असायचे. धोंडा हलवायची पाळी घरोघर फिरायची. धोंड्याला इतकी सवय झाली होती की घोड्याची टाप ऐकली की तो जागेवरच डुलायला लागायचा. निजाम गेला, इंग्रज गेला, शिवेच्या दोन अंगाला बीड आणि नगर असे जिल्हे झाले, तरी धोंड्याची नोकरी काही सुटली नाही. नसबंदीची जीप आली तेव्हा तर तो बैलांच्याही पुढं पळाला म्हणतात.

मग एका सकाळी बीडकडच्या घाटात पुन्हा जीप दिसली. गाव काढणीला रानात, सरपंच अर्जुनराव बीडला आणि पाळी आश्रुबाच्या घरची. तो तेव्हा भर जवानीत. कोण आलंय, कशाला आलंय, काही न पुसता त्यानं बैल जुंपले आणि धोंडा उगवतीच्या खड्ड्यात नेऊन उभा केला. साहेब उतरला. धोंडा बघितला, नकाशा उलटासुलटा केला. त्यालाही घर गाठायची घाई होती. “हे तर नगरमध्ये आलं,” म्हणाला आणि माघारी गेला.

तो रस्ता मोजायला आला होता. अर्जुनरावांनी चपला झिजवून मंजूर करून आणलेला रस्ता.

तो रस्ता मग खालून गेला, नेमका अर्जुनरावांच्या सासुरवाडीवरून. लोक म्हणाले, पाटलानंच वळवला. पुढच्या साली भारतच्या आईला, सावित्रीबाईला, पान लागलं, साप डसला. बाजेवर घालून घाट उतरवताना निम्म्यातच तिनं मान टाकली. भारतच्या बापानं त्याच दिवाळीला घरावरचे पत्रे काढले. मागोमाग एकेक घर उठलं. कुणी गेवराईला, कुणी दिंद्रुडला, बाकीचे कोयता घेऊन ऊस नेईल तिकडं. आश्रुबा आज सांगू, उद्या सांगू म्हणत राहिला. त्याची बायको बायनाबाई जन्मभर संसार करून वारली, तिलाही बोलला नाही.

“फोडा की तात्या!” पारावर भारत आश्रुबाला म्हणाला. “आन् देवाला सांगा, गाव खानाऱ्याचं वाटुळं कर म्हनावं.”

आश्रुबाचा हात वरच थांबला.

“नारळ पाटलाला दे, भारत.”

“कावून?”

“रस्ता त्यांनी न्हाई घालवला. म्या घालवला. धोंडा म्या हालवला.”

पळत्या धोंड्याची गोष्ट आता म्हाताऱ्यांची थाप म्हणूनच चालायची. सगळा पार खदाखदा हसला.

“आता गिरदावर बी तुमीच पळिवला म्हना!”

“तात्या, धोंड्याला गिअर किती व्हते?”

भारतनं हसून हसून डोळे पुसले आणि आश्रुबाच्या पाया पडला. “बघा रे, मानूस! पाटलाचं पाप सवताच्या डोस्क्यावर घेतो.”

आश्रुबाला क्षणभर हलकं वाटलं. आपण सांगितलं, लोकांनी ऐकलं नाही, आपला काय दोष? लगेच त्या हलकेपणाचीच त्याला शिसारी आली. न हसलेला एकच माणूस लिंबाखालून उठून समोर आला होता.

“आश्रू,” अर्जुनराव म्हणाले, “मावळतीचा खड्डा दाव.”

दोघं म्हातारे गावाबाहेर गेले. आश्रुबानं काठीनं घाणेरी झोडपली, हातानं उपटली. खाली दगडांनी बांधून काढलेला खड्डा होता, धोंड्याच्या मापाचा, रिकामा; धोंडा अजून उगवतीलाच उभा होता. अर्जुनराव त्यात पाय सोडून बसले.

“त्या सायबाला लई शिव्या दिल्या बे म्या.”

“मारा मला, पाटील.”

“मारून काय व्हतंय? आमची बायको मरस्तोवर इचारत व्हती, खरं सांगा, माझ्या म्हायेरासाठीच वळिवला ना?”

पारावरून आवाज आला, “तात्या, पंगत बसली!” पाटलांचं नाव त्यात नव्हतं.

“बोलीव त्यास्नी हितं, खड्डा बघू दे,” अर्जुनराव म्हणाले.

“तुमी मारा हाक. तुमचा हक हाय.”

“माझ्या हाकंला कुनी येत न्हाई.”

नारळ अजून आश्रुबाच्या काखेत होता. तो त्यानं पाटलांच्या मांडीवर ठेवला. मग त्यानं तोंडाला हात लावून हाक मारली, “भारताऽऽ! तुज्या आईची आन हाय तुला, हिकडं ये. समद्यास्नी घिऊन ये.”

बुंदीचा झारा हातात तसाच धरून भारत निघाला. तात्यांना आता काय नवीन सुचलं म्हणून तो हसतच येत होता.