यंत्रमानवाचा लाल बदाम

किन्शासा शहरातल्या एका चौकात वाहतूक पोलिसाच्या जागी यंत्रमानव उभा केला, तेव्हा लोकांनी त्याला आधी शिव्या दिल्या आणि मग त्याच्याशी गप्पा मारायला सुरुवात केली. पत्र्याचं अंग, माणसापेक्षा उंच, छातीत लाल-हिरवे दिवे, डोळ्यांच्या जागी कॅमेरे. त्याच्या नावाने फेसबुकवर एक पानही निघालं. माणसं यंत्राशी कशी बोलतात याचा अभ्यास करायला परदेशातल्या एका विद्यापीठाने ते काढलं होतं. तसं पानावर लिहिलेलं होतं, अगदी खाली, बारीक अक्षरात.

तिथे येणारं सगळं वाचायचं काम किआला मास्तरांकडे होतं. शाळेतून निवृत्त झालेला, पुस्तकात डोकं घालून बसणारा माणूस. शेजाऱ्यांकडे मीठ मागायलाही संकोचायचा. प्रत्येक मजकूर राग, थट्टा, विनंती की विश्वास हे ठरवायचं आणि त्याखाली यंत्रमानवाच्या नावाने लाल बदामाची खूण उमटवायची. बदाम दिसला की लोक पुन्हा लिहितात, असं अभ्यासाच्या प्रमुख एल्केबाई म्हणत.

टॅक्सीवाले लिहायचे, "पोलीस चहापाण्याला मागतो, तू काहीच मागत नाहीस. तुझं पोट भरतं तरी कशावर, दादा?" मास्तर एकटेच हसत आणि ते थट्टेत टाकत.

लुझोलोचं वाचताना मात्र हसू येत नसे. ती त्यांच्याच गल्लीतली. चौकात कसावा कंदाच्या पिठाचे, पानात बांधलेले मुटके विकायची. तिचा थोरला मुलगा प्लामेदी याला सरकारविरोधी मोर्च्याच्या दिवशी त्याच चौकात नंबर नसलेल्या गाडीत कोंबलं गेलं. पुढे कुठल्याच पोलीस ठाण्यावर कुणी त्याचं नाव घेईना. त्या दिवशी सगळा चौक पळाला होता. हलला नाही असा एकच होता, यंत्रमानव. ती रोज सकाळी त्याला लिहायची : "दादा, तू तिथे होतास. त्याच्या अंगात पिवळा सदरा होता. गाडी कुठे वळली तेवढंच सांग."

मास्तरांनी ते विनंतीत टाकलं. एल्केबाईंनी विश्वासात हलवलं आणि सभेत सगळ्यांना पडद्यावर दाखवलं. इतका बोलका नमुना दुसऱ्या कुठल्या शहरात मिळाला नव्हता म्हणे. मास्तरांना वाटलं, आपल्यालाच कळत नसेल. त्यांनी बदाम उमटवला. दुसऱ्या दिवशीही उमटवला.

एकदा लुझोलोचा भाऊ मासांबा मास्तरांकडे आला. माणूस गेला की गल्लीत खुर्च्या मांडायच्या, सगळ्यांनी येऊन बसायचं, रडायचं. त्याशिवाय घर पुन्हा चालायला लागत नाही. प्रेत नसलं तरी 'तो गेला' असा मामाने शब्द दिला की बसता येतं, आणि मासांबा शब्द द्यायला तयार होता. पण बहीण ऐकत नव्हती. तिने धंदा सोडला होता. दिवसभर मुलाचा फोटो त्या यंत्राच्या डोळ्यांसमोर धरून उभी राहायची. धाकट्या मुली मामाकडे जेवत होत्या आणि भाऊ परत आल्यावर कुठे झोपेल, यावर भांडत होत्या.

"ती म्हणते, त्याने ऐकलंय. रोज खूण करतो, आता दाखवेल," मासांबा म्हणाला. "तुम्ही शिकलेले आहात, मास्तर. मी नुसता गवंडी. माझं ती कशाला ऐकेल?"

मास्तरांनी एल्केबाईंना लिहून विचारलं, त्या दिवशीचं काही कॅमेऱ्यात आहे का. उत्तर लगेच आलं, आणि सौम्य होतं. कॅमेरे मोर्च्याच्या आधीच बंद पडले होते. मात्र पानावर लिहिणाऱ्यांना हे कळता कामा नये, नाहीतर एवढ्या महिन्यांचा अभ्यास वाया जाईल.

मास्तर गल्लीतून दोनदा लुझोलोच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. तिसऱ्यांदा तिनेच पाहिलं. ती अंगणात मुलाच्या चपला पुसत होती.

"या मास्तर. आज वाट चुकलात?"

मास्तर उभेच राहिले. पाठ करून आणलेलं सगळं विसरले.

"ते बदाम मी टाकतो," ते म्हणाले.

तिचा हात चालूच होता. "म्हणजे तो वाचत नाही?"

"नाही."

"आणि त्याने पाहिलंय ते?"

"त्याला दिसतच नव्हतं, बाई. आधीपासूनच."

तिने चपला जोडीने भिंतीशी ठेवल्या.

"कधीकधी वाटायचं मला, पलीकडे कुणी माणूस बसलेला असेल," ती म्हणाली. "मग म्हणायचे, छे. माणूस असता तर आला असता. यंत्रच आहे." ती उठली. "मासांबादादाला सांगा, खुर्च्या आण म्हणावं."

दुसऱ्या दिवशी गल्लीत निळ्या खुर्च्या लागल्या. बायकांचं रडणं सुरू झालं. मास्तर मागच्या रांगेत बसले. खिशातला फोन थरथरला. एल्केबाईंनी लिहिलं होतं, ती बाई आज गप्प का? तिच्या जुन्या मजकुरांवर एखादा बदाम टाकून बघा.

मासांबा गेलेल्याच्या नावाची पाटी करायला पुठ्ठा आणि रंगाची डबी घेऊन आला. गल्लीत मास्तरांचंच अक्षर चांगलं होतं. त्यांनी प्लामेदीचं नाव लिहिलं, जन्माची तारीख लिहिली आणि लुझोलोकडे पाहिलं. "गेल्याचा दिवस म्हणून मोर्च्याचा घालू?"

"नाही," ती म्हणाली. "कालचा घाला. तुम्ही येईपर्यंत तो होता."

मास्तरांनी कालची तारीख लिहिली.